हरायला उभे राहिलेले शाहीर

हे कुणाला पटणार नाही. गेली कित्येक वर्षं मी हे सांगत आलोय आणि आजवर एकाही शहाण्या माणसानं मान डोलावलेली नाही. तेव्हा तुम्हीही पटवून घ्यायच्या भानगडीत पडू नका. नुसतं ऐका.

गेल्या नाताळच्या दुपारी शिष्टरबाईंच्या अंगणातही मी सुरुवात अशीच केली होती. मी काशिनाथ, चिंचटाकळीच्या भैरोबाचा गुरव. सकाळी देवाची पूजा उरकायची आणि दुपारी नाताळाचं जेवायला शिष्टरबाईंकडे जायचं, हा माझा जुना नेम. तिथं मी मटण खातो की नुसत्या करंज्या, हे भैरोबाला आणि बाईंच्या पातेल्याला ठाऊक. जेवणं झाली होती. बाई कडुनिंबाखाली आरामखुर्चीत डोळे मिटून पडल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं. त्यामुळं झोपल्यात की आमच्या बोलण्याला कंटाळल्यात, हे सांगणं कठीण. त्यांचा पुतण्या अमोस आणि त्याची मुलगी शारोन, दोघं बापलेक मात्र जोरात भांडत होते.

शारोनच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय असा, की ख्रिस्ती धर्मानं जगाचं भलं केलं की वाईट केलं?

"भलंच की! यात वाद कसला?" अमोस म्हणाला. "शाळा कुणी आणल्या? दवाखाने कुणी आणले? तुझ्या पणजोबाच्या हातात पाटी कुणी दिली?"

"आणि जहाजातून बंदुका घेऊन उतरले ते कोण होते, पप्पा?"

"नाताळच्या दिवशी तरी असलं बोलू नकोस!"

मी पानाला चुना लावत म्हटलं, "कशाला घसा फोडता? याचा निकाल लावायला आपल्या गावानं केव्हाच घेतला होता. याच अंगणापासून हाकेच्या अंतरावर, भैरोबाच्या यात्रेत, डफावर. एका बाजूला दाविदबुवा, म्हणजे शारोन, तुझे पणजोबा. दुसऱ्या बाजूला खंडूअण्णा मुळीक पैलवान. आणि गंमत अशी, की दोघांनाही हरायचं होतं."

शारोन हसली. "काशीआजोबा, झालं तुमचं सुरू."

"म्हणून तर आधीच म्हटलं, पटणार नाही."

तेव्हा मी पंचविशीत होतो आणि दिसायला देखणा होतो. (इथं शारोन खोकली. मी लक्ष दिलं नाही.) मिशनचे गोरे लोक सामान बांधून आपल्या मुलखात परत गेले होते, आणि जाताना ओढ्यापलीकडची दवाखान्याची दोन कौलारू खोल्यांची इमारत गावाच्या हवाली करून गेले होते. ठेवा नाहीतर मोडा, तुमची मर्जी. तिथं सुवार्ताबाई, म्हणजे याच आपल्या शिष्टरबाई, एकट्या नर्स होत्या. दाविदबुवांची थोरली लेक. त्यांच्या हातून गावातली निम्मी माणसं जन्माला आली होती; उरलेल्या निम्म्यांनी जन्म घ्यायची घाई केली म्हणून, नाहीतर तीही आली असती.

पण खंडूअण्णांना तिथं तालीम हवी होती. त्यांची पोरं खळ्यात कुस्त्या खेळायची. पाऊस आला की लंगोटावर घरोघर पळायची, आणि गावातल्या बायका दारं लावून घ्यायच्या. अण्णांचं म्हणणंही खोटं नव्हतं. ग्रामसभेत ते उभे राहिले तेव्हा वाशाला डोकं लागलं, आणि म्हणाले, "गोरे गेले, त्यांची खूण कशाला ठेवायची? या धर्मानं घराघरात फूट पाडली. सख्खे भाऊ एका पंगतीला बसंनात. मोडा तो दवाखाना, नि पोरांना तालीम द्या."

"आणि रातीअपराती बाई अडली म्हंजी?" मागून वेणूआक्का ओरडल्या. "तुझ्या पैलवानांना बोलवायचं का?"

सभेत असा गोंधळ माजला की सरपंच यशवंतआबांची टोपी चार माणसांच्या डोक्यांवरून फिरून परत आली. बाईंना दूरच्या शहरातल्या इस्पितळाचं बोलावणं येऊन पडलेलं. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "दवाखाना राहिला तर मी राहते. गेला तर मी जाते." त्या गेल्या असत्या तर अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून नगरपर्यंत न्यायचं, म्हणजे काय, हे गावाला ठाऊक होतं. तरी निम्मं गाव तालमीच्या बाजूनं होतं, कारण निम्म्या गावाला बाळंतपण येत नसतं.

शेवटी आबांना अक्कल सुचली. त्यांना वर्षातून एकदा सुचायची आणि तीही यात्रेच्या सुमारास. म्हणाले, "यात्रेत सवाल-जवाब होतातच. यंदा विषय हाच. ख्रिस्ती धर्म भला ठरला तर दवाखाना राहील, बुरा ठरला तर तालीम होईल. सगळ्यांना कबूल?"

सगळ्यांना कबूल. गावात शाहीर दोनच. एक खंडूअण्णा, जे कुस्ती मारून आले की त्याच दमात पोवाडा म्हणत. दुसरे दाविदबुवा, पांढरा फेटा बांधून येशूचं कीर्तन करणारे. त्यांच्या कीर्तनाला ख्रिस्ती जितके यायचे त्याच्या दुप्पट आमची माणसं यायची, कारण आवाजच तसा. एकदा उन्हाळ्यात त्यांनी असा सूर लावला की माझ्या हंड्यातलं पाणी गार झालं.

"आजोबा!"

"बरं, कोमट झालं."

तर कोण कोणती बाजू घेणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. आणि तिथंच आमच्या गावाची चूक झाली. आमच्याकडे सवाल-जवाबात बाजू निवडता येत नाही. भैरोबापुढं दोन परड्या पालथ्या ठेवतात. एकीखाली कलगी असते, दुसरीखाली तुरा. जो जी परडी उचलेल ती त्याची बाजू. एरवी विषय असायचा शिव मोठा की शक्ती मोठी, बाजू कुठलीही आली तरी कुणाच्या घरचं मडकं फुटत नव्हतं. त्यामुळं ही रीत कुणाच्या ध्यानातच आली नाही. आबांनी तर आधीच दवंडी पिटली होती, कलगीवाला धर्माला भला म्हणेल, तुरेवाला बुरा म्हणेल.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी दाविदबुवांनी परडी उचलली. खाली तुरा.

खंडूअण्णांच्या परडीखाली कलगी.

देवळात भैरोबानंही श्वास रोखला असावा. म्हणजे बुवांनी आपल्या धर्माला बुरा म्हणायचं, आणि जिंकले तर स्वतःच्या लेकीला गावाबाहेर काढायचं. आणि अण्णांनी ख्रिस्ती धर्माची थोरवी गायची, आणि जिंकले तर हातची तालीम घालवायची!

"आबा, हे उलटं झालं," बुवा हळूच म्हणाले.

"परत उचला, परत!" आबा म्हणाले.

माझे वडील तेव्हा पुजारी होते. ते म्हणाले, "भैरोबाला एकच गोष्ट दोनदा विचारत नाहीत."

मग दोघांनी डफाला हात लावून रीतसर शपथ घेतली, "आलेल्या बाजूशी बेइमानी करणार नाही. ठाऊक असेल ते राखून ठेवणार नाही." पण शपथ घेताना दोघांच्याही मनात काय चाललं होतं, ते मला त्यांच्या मानांवरून कळलं. मी दोघांच्या मागं उभा होतो. गावात तुणतुणं एकच आणि ते माझं. म्हणून मी दोन्हीकडून वाजवायचो. मला दिसलं की दाविदबुवा हरायच्या तयारीत आहेत, आणि खंडूअण्णाही हरायच्या तयारीत आहेत.

गर्दी तर एवढी, की एखाद्याला शिंक आली तर शेजाऱ्याला विचारून शिंकावं लागत होतं. सुवार्ताबाई दवाखान्याला कुलूप घालून आल्या होत्या आणि देवळाच्या पायरीशी बायकांत उभ्या होत्या. पांढरी साडी, हातात किल्ली.

पहिला सवाल बुवांचा. धर्मावर घाव घालायचा सोडून ते गोड आवाजात म्हणाले, "सांगा शाहीर, आपल्या गावात पहिली शाळा कुणी काढली?"

हा सवाल नव्हता, हे ताटात वाढून दिलेलं पुरण होतं. अण्णांनी नुसतं "मिशननं" म्हटलं असतं तर डाव त्यांचा. पण त्यांना तो नको होता. म्हणाले, "मला काय ठावं? मी शाळंत कधी गेलोच नाय!"

"बरं. देवीची साथ आली तेव्हा लस कुणी टोचली?"

"मला तर टोचलीच नाय. सुई वाकली."

लोक हसायला लागले. मग अण्णांची पाळी. "बुवा, तुम्ही म्हणता हा धर्म बुरा. काय बुरं केलं त्यानं?"

"तसं काही... म्हणजे फार असं नाही," बुवा पुटपुटले.

"पण थोडं तरी?"

"थोडं... आठवावं लागेल."

वेणूआक्कांनी कमरेवर हात ठेवले. "आरं, हे सवाल-जवाब हायती का सोयरीक चाललीया?"

शेजारच्या गावचे पाहुणे आले होते. त्यातला एक तंबाखू थुंकून मोठ्यानं म्हणाला, "चिंचटाकळीचे शाहीर संपले म्हणायचे. आमच्यात बैल हाकणारा यापेक्षा बरं गातो."

हे वाक्य दोघांच्याही वर्मी लागलं. मी मागं उभा होतो. दोघांचे कान एकदम लाल झालेले मी पाहिले. शाहिराला तुम्ही चोर म्हणा, तो हसेल; पण गाता येत नाही म्हटलंत तर तो आपलं घर जाळून तुम्हाला उजेड दाखवेल.

अण्णा तडकले आणि आपली बाजू कोणती हेच विसरले. बुवांवर गरजले, "वाईट कसं आठवंल तुम्हाला? साहेबाच्या ताटातलं खाल्लेली माणसं तुम्ही!"

दाविदबुवांनी डफ खाली केला. फेटा नीट केला. मग बोलले. गायले नाहीत, बोलले. आणि त्या आवाजात मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"साहेबाच्या ताटातलं काय खाल्लं ते सांगतो, अण्णा. माझा आजा या गावचा शाहीर होता. या इथंच, तुम्ही उभे आहात तिथं उभा राहायचा. त्यानं बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी साहेब म्हणाला, हे सैतानाचं वाद्य आहे. आणि त्याचा डफ चुलीत घातला. आज्याच्या हातानं घालायला लावला. त्यानंतर आजा पुष्कळ वर्षं जगला, पण गायला नाही. शेतात एकटा असतानासुद्धा नाही. माझी आजी मरताना म्हणाली, भैरोबाला एक नारळ फोडा. आम्ही फोडला नाही, पाळकांना काय वाटेल म्हणून. ती त्या नारळाची वाट बघत गेली. ज्या गावानं आम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवलं त्या गावाची रीत आम्ही सोडली, देव सोडले. आणि नव्या देवळात गेलो तर तिथंही बाकं ठरलेली. कोण कुठल्या वाड्यातून आला त्याप्रमाणं पुढं आणि मागं. ही झाली चिंचटाकळी. समुद्रापलीकडं तर अख्खे मुलूख बंदुकीच्या धाकानं गुडघ्यावर बसवले, आणि वर सांगितलं, आता बसलाच आहात तर प्रार्थना करा."

मी बाईंकडे पाहिलं. पणजोबांच्या डफाचं त्यांना ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. बुवांनी हे कुठल्या कीर्तनात सांगितलं नव्हतं, घरीही नाही. बाहेरच्यांनी धर्माला ठेवलेली नावं मी पुष्कळ ऐकली होती, ती सगळी ऐकीव असायची. हे आतल्या माणसानं घरातलं काढून दाखवलं होतं.

शारोन आता हसत नव्हती. "मग खंडूअण्णा?"

खंडूअण्णांनी डफ खाली ठेवला. आता त्यांना हरायला काहीच करायचं नव्हतं. गप्प बसले असते, मी जबाबाची मुदत म्हणून तुणतुण्याचे तीन फेरे वाजवले असते, आणि तालीम त्यांची झाली असती. एवढंच. पण शपथ घेतली होती, आणि समोरच्या शाहिरानं काहीही राखलं नव्हतं.

"माझी आई काशीला गेली, असं मी गावाला सांगितलं होतं," अण्णा म्हणाले.

गावाला तेवढंच ठाऊक होतं. काशीच्या गंगेचं म्हणून आणलेलं पाणी गावानं प्यायलं होतं.

"ती काशीला नव्हती गेली. तिला महारोग झाला होता. मी तिला गोठ्यात ठिवली. भाकरी काठीनं सरकवायचो. पैलवान माणूस मी, अस्वलाला भ्यालो नाय, पर आईच्या बोटाला भ्यालो. मग एक दिवस गाडीत घालून मिशनच्या आश्रमाच्या फाटकाशी सोडली. महारोग्यांचा आश्रम. मागं वळून बघितलं नाय. पुढं चोरून बघायला गेलो, तर एक बाई खाली बसून तिचे पाय धूत होती. बोटं गेलेले पाय. हातानं, काठीनं नाय. आणि आई हसत होती, गावाकडच्या गोष्टी सांगत. मी त्या बाईला विचारलं, तुम्हाला शिसारी येत नाय? ती म्हणाली, सुरवातीला यायची. आता या माझी वाट बघतात."

अण्णांनी डफ उचलला, पण थाप पडेना. "ती बाई आमच्या नात्याची नव्हती, जातीची नव्हती, मुलखाची नव्हती. तिला कुणी सांगितलं होतं माझ्या आईचे पाय धुवायला? त्या बाईच्या पुस्तकानं सांगितलं होतं. मला माझ्या कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नाय. का सांगितलं असंल, तर मी ऐकलं नाय. हा माझा जबाब."

वेणूआक्का रडत होत्या. तंबाखूवाला पाहुणा रडत होता. तुणतुण्याची तार ओली झाली. हेही पटणार नाही, पण झाली. आणि लोकांत कुजबुज सुरू झाली, दवाखाना राहिला! बुवांनी आता फक्त गप्प बसायचं होतं. मी मनात म्हणत होतो, बुवा, गप्प बसा, मोठ्या मनानं हरा, लेक घरी राहील.

पण बुवांचे ओठ हलायला लागले. सवाल सुचला होता. सुचलेला सवाल म्हणजे पोटातलं लेकरू; येतो म्हटल्यावर थांबत नाही. त्यांनी पायरीकडे पाहिलं, लेकीकडे. त्यांच्या डोळ्यांत मला सरळ दिसलं, ते तिला विचारत होते.

सुवार्ताबाई सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा बोलल्या. "बाबा, राखू नका."

आणि बुवा गायले,

"एकीने धुतले पाय आईचे, एकाने जाळला डफ आज्याचा,
एकच पुस्तक दोघांच्या हाती, एकच शब्द देवाचा;
पाय धुण्याचं श्रेय तयाला, तर आगीचा डाग कुणाचा?
सांग मर्दा, सांग शाहिरा, जबाब दे या सवालाचा!"

शारोन, तुझ्या कॉलेजात विचार हा सवाल. मी मागं उभा राहून स्वतः जबाब शोधत होतो, आणि मी बुद्धिमान माणूस आहे. माणूस चांगला म्हणून चांगलं घडलं म्हणावं, तर मग धर्म कशाला? धर्मामुळं चांगलं घडलं म्हणावं, तर डफ जाळणारा साहेब रोज तेच पुस्तक वाचत होता. इकडून पकडावा तर तिकडून निसटतो.

खंडूअण्णांना जबाब सुचेना. मी तुणतुण्याचे तीन फेरे सुरू केले, आणि इतके सावकाश वाजवले की तेवढ्यात आबांचा चहा पिऊन, वर दुसरा मागवून झाला. पण फेरे संपलेच. अण्णा हरले. ज्यांना हरायचं होतं ते हरले, तालीम त्यांची झाली. पण त्यांचा चेहरा पाहिला असता तर कुणी म्हटलं नसतं की या माणसाला हवं ते मिळालंय. आणि दाविदबुवा जिंकून असे उभे होते, जसा माणूस आपल्याच घराला आग लावून अंगणात उभा राहतो. सुवार्ताबाईंच्या मुठीत किल्ली होती. त्यांनी ती आबांना द्यायला पुढं केली.

"थांबा," आबा म्हणाले. "आधी ठोके पडू द्या."

कारण आमची रीत अशी, की हरलेल्या शाहिरानं आपला डफ देवाकडे तोंड करून कपाळाला लावायचा आणि जिंकलेल्याच्या हाती द्यायचा. जिंकलेल्यानं हरलेल्याच्या डफावर तीन ठोके मारायचे. ते ठोके पडले की निकाल. त्याआधी नाही.

खंडूअण्णा वळले. लोकांकडे पाठ, भैरोबाकडे तोंड. डफ छातीशी धरला, मान खाली घातली. लोकांना फक्त त्यांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ म्हणजे एखाद्या वाड्याचा दरवाजा. मी मात्र त्यांच्या अगदी शेजारी उभा होतो, हातभर अंतरावर. आणि आता नीट ऐक, शारोन. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. वारा नव्हता. आणि एकदम फाडकन आवाज झाला, सगळ्या गावानं ऐकला. अण्णा लोकांकडे वळले तर डफाचं कातडं मधोमध फाटलेलं! आरपार! पलीकडून त्यांचा सदरा दिसत होता.

मीच पहिला ओरडलो, "चमत्कार!" आणि मग सगळा गाव ओरडला. आमच्या लोकांनी भैरोबाच्या नावानं चांगभलं केलं. ख्रिस्ती मंडळींनी "हालेलूया" म्हटलं. कुणाच्या देवानं केलं यावर तिथंच एक नवं भांडण सुरू झालं, पण ते निराळं.

बुवांनी हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. ठोके मारायचे कशावर?

आबा डोकं खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "डफाशिवाय ठोके नाहीत, ठोक्यांशिवाय निकाल नाही. सवाल पुढच्या यात्रेवर गेला. बाई, किल्ली तुमच्याकडंच ठेवा तोवर."

पुढच्या यात्रेला अण्णा म्हणाले, नवं कातडं अजून नीट ताणलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बुवांचा घसा बसला. त्याच्या पुढच्या वर्षी आबांच्या नातवाचं बारसं त्याच दिवशी निघालं, आणि नातू जन्मला होता त्याच दवाखान्यात, तेव्हा बोलायची सोयच नव्हती. असं करत करत तो सवाल आजही उभाच आहे. दवाखानाही उभाच राहिला. पुढं सरकारनं चालवायला घेतला तरी किल्ली बाईंकडंच होती. आणि तालीम? अण्णांच्या पोरांनी ती स्वतः बांधली, दवाखान्याच्या भिंतीला भिंत लावून. मोडलेलं हाड दाखवायला लांब जायला नको म्हणून. तालमीच्या चौकटीवर पहिला नारळ दाविदबुवांनी फोडला. म्हणाले, आजीचा राहिला होता.

शारोन गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती. अमोस तर भांडण विसरून करंज्या खात होता.

"पण आजोबा," शारोन म्हणाली, "डफ आपोआप कसा फाटेल?"

"आपोआप कोण म्हणतं? वरून फाटला." मी आभाळाकडे बोट केलं. "मी हातभर अंतरावर होतो. भैरोबाची शपथ घेऊन सांगतो, कुणी त्याला बोट लावलं नाही. देव कुठला, ते तू तुझ्या स्पर्धेत ठरव. पण तो चमत्कार होता, हे मी इतकी वर्षं..."

"खोटं!"

आरामखुर्ची कुरकुरली. शिष्टरबाईंनी डोळे उघडले होते. झोपल्या नव्हत्याच.

"साफ खोटं, काशीभाऊ! भैरोबाची शपथ घेतोस? त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत खंडूअण्णा माझ्याकडे मागच्या दारानं आला होता. उजवी मूठ रक्तानं माखलेली, डफाच्या कडेचे बारीक खिळे मनगटात रुतलेले. एकेक करून चिमट्यानं मी काढले. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाला, ‘शिष्टरबाई, बुवाला तेवढं सांगा. जबाब नव्हता माझ्यापाशी, म्हणून हात वापरला.’"